दोन डाव्या बाह्या

माझ्या लाडक्या सूनबाईस,

हे पत्र मी तुला देणार नाही, नाहीतर तू जिंकलीस असं होईल! पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण ते राहू दे.

आज मी नर्सबाईंच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. चाळीस वर्षं शिवतेय मी! चष्म्याला दोष देणार होते, तर तो डोक्यावर चढवलेला. तेवढ्यात बाई दारात हजर. मी तुझ्या लेकीच्या कानात सांगितलं, "म्हणावं, मशीन बिघडलंय."

पोरीने दार उघडलं आणि म्हणाली, "आजीचं चुकलं. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. पण ती नवीन कापून देईल."

मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बाई मात्र पोट धरून हसल्या, चहा पिऊन गेल्या. मग आपली पाच वर्षांची चिमणी माझा हात धरून म्हणते, "घाबरलीस का गं? आई म्हणते, खरं सांगितलं की कोणी मारत नाही."

आणि मी तुला म्हणत आले, "एक धपाटा घाल, सरळ होईल." तुझ्या नवऱ्याला तसंच वाढवलं ना मी! एवढा बाप्या झालाय, पण अजून हातून कप फुटला की तुकडे कागदात गुंडाळून लपवतो. मला वाटायचं, किती गुणी पोर!

आज तो कामावरून आला की त्याला जवळ घेणार आहे. लाजेल मेला. लाजू दे.

तुझी सासू,
तिसरीतून शाळा सोडलेली