मामंजींचा बंब आणि थंडीतला धूर

मलकपेठ. डिसेंबर १९९५, रविवार संध्याकाळ

आमचं घर पडलं खळग्यात. उन्हाळ्यात वारा धूर उडवून तरी नेतो, थंडीत धूर अंगणातच ठाण मांडतो. मामंजी दोष देतात रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना. "बाजार खुला केलात ना? भोगा आता!" आणि बोलता बोलता आंघोळीच्या बंबात गोवऱ्या सारतात! गीझरचं पाणी म्हणे अंगाला लागत नाही.

आज सकाळी शेजारच्या खालाजान खोकत आल्या. "अण्णा, तुमारा धुआँ ऊपर जाताइच नै, हमारे घर में आके बैठरा."

"ते धुकं आहे," मामंजी म्हणाले.

खालाजाननी आपली पांढरी ओढणी पुढे धरली. काळी झालेली. धुकं काळं कधीपासून असतं?

दुपारी ह्यांनी गीझर बसवून घेतला. सुटले एकदाची, असं वाटलं मला.

आणि आत्ता पुन्हा तोच वास! अंगणात धावले. बंब पेटलेला, मामंजी हात शेकत बसलेले. आणि समोर कोण? खालाजान!

"अहो, पुन्हा धूर?"

खालाजान हात चोळत, खोकत म्हणाल्या, "धुआँ कायका, बहू? धुकं है."