शेवंतीची रात्र

अमरावती, भाद्रपद शु. ५, शके १७८८

तीर्थस्वरूप दादांचे चरणी गोदावरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

येथील सर्व क्षेम. आईच्या शेवंतीची हकिकत विचारलीत. झाड हिरवेगार आहे, पण कळी नाही. शेजारच्या सत्यवतीबाईंच्या शेवंतीला मोहरीएवढ्या कळ्या लागल्या आणि आपली नुसती पाने मिरवते. शेंडे खुडले, शेणखत घातले. अंगणात शेळ्या येतात, म्हणून कुंडी घरातच, दाराजवळच्या दिव्याच्या कोनाड्याखाली ठेवते. इकडची स्वारी कापसाच्या कामात गढलेली.

तुमचे झाड तुमच्याच गाईने खाल्ले, हे आईला मी सांगणार नाही. माया आहे ती राखावी.

अकोला, भाद्रपद शु. ११

चि. सौ. गोदावरीस कमलाकांताचे अनेक आशीर्वाद.

गाईचे आईला कळले. डोळे गेले तरी तिच्यापासून काही लपत नाही. तिच्या हातच्या शेवंतीची आता तुझ्याकडची एकच कुंडी उरली. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी त्याच झाडाचे फूल वाहिले, यंदाही चाचपून का होईना वाहायचे, एवढे तिने धरून ठेवले आहे.

तुझे पत्र तिला वाचून दाखवले. मग म्हणाली, "त्या झाडाले रात्र मिळून नाही राहिली." तिच्या माहेरी पातूरला देवळातल्या नंदादीपाशेजारची शेवंती कधीच फुलत नसे म्हणे. तरी संध्याकाळी कुंडीवर टोपली झाकत जा.

दिवा रात्रभर जळतो का आणि कोणासाठी, असेही ती विचारते. हरिहरपंतांना वखारीत उशीर होत असेल, असे मी म्हटले. तिला पटले नाही. उत्तर सवडीने नको, लगेच धाड.

अमरावती, भाद्रपद व. ४

ती. दादांस सा. न. वि. वि.

टोपली झाकली. पण दिव्यात तेल घालायला रात्री उठते, तेव्हा कळी आली का म्हणून टोपली उचलून दिव्याने बघते. झाडाने करावे तरी काय?

आईला खोटे सांगवत नाही. वैशाखात इकडून कापसाच्या शेटजींच्या कामाला मुंबईस जाणे झाले. आठ दिवसांत रात्रीच्या गाडीने येतो, दिवा असू दे, एवढे सांगणे झाले होते. पुढे विलायतेत कापसाची मागणी उतरली, शेटजींची पेढी बसली. अधिक मास धरून पाच महिने होत आले, पत्र नाही. तुम्हाला कळवायची लाज वाटली.

घर एका खोलीचे. दिवा काढवत नाही, म्हणून झाडच काढते. नत्थुजींच्या बैलगाडीतून कुंडी पाठवली आहे. आईचे फूल माझ्यापायी चुकू नये. रागावला असाल तरी पत्र थांबवू नये.

अकोला, आश्विन व. ७

चि. सौ. गोदावरीस आशीर्वाद.

कुंडी पोचली. आईने तिच्या खोलीत ठेवून घेतली, कारण तिथे दिव्याचे काम पडत नाही. आता अकरा कळ्या आहेत, दोन पिवळ्या दिसतात. आई दिवसातून चारदा मोजते आणि मला नीट मोजता येत नाही म्हणते.

मुंबईस दोघांना लिहिले. हरिहरपंतांचा ठावठिकाणा कोणालाच नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

मी रागावलो होतोच. पण काल आई कुंडीवरचा हात न काढता म्हणाली, "झाड आणलं, तं पोरीले कावून तिथं ठेवलं?" द्वादशीस गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव.

अमरावती, आश्विन व. १०

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

सामान थोडेच आहे, बांधले. घराची किल्ली सत्यवतीबाईंकडे देते. कोणी आलेच, तर अकोल्याचा पत्ता त्या सांगतील.

काल निजताना दिव्याला पदराने निरोप दिला. खूप रडले. मग झोप लागली, ती उन्हे दारात आल्यावर सत्यवतीबाईंनी कडी वाजवली तेव्हा मोडली. वैशाखानंतर अशी झोप झाली नव्हती. आईला एवढे सांगा.