दारातली पिवळी फुली

मुक्काम : शेवटी सांगतो
डिसेंबर १९९६

आदरणीय भागूआत्यास,

आदर्शचा सविनय जयभीम. पाकिटावर तिकीट नाही आणि शिक्काही नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेलच. उभा जन्म टपाल खात्यात पत्रं निवडण्यात घालवलेल्या बाईला मजकुराआधी शिक्का दिसतो, त्याला तू तरी काय करणार! पण एवढ्यावरून चष्मा पुसत बसू नकोस, आधी वाच. तुझे गुडघे कसे आहेत? विद्यानगरच्या त्या जिन्याला घरमालकाने कठडा बसवला का? नसेल तर मी आल्यावर बसवतो (हे मी मागच्या प्रत्येक पत्रात लिहिलंय, त्यामुळे तू आता हसली असशील. हस.) माझी प्रकृती उत्तम आहे. पोट बिघडलंय, पाठ धरलीय आणि डावा कान दिवाळीपासून आपोआप शिटी वाजवतो, बाकी काही तक्रार नाही.

तू शेजारणीला ‘भाचा बँडमध्ये आहे’ असं सांगितलंस आणि ती मुलीच्या वरातीचा दर विचारायला आली, हे वाचून यादगिरीला फार आनंद झाला. (यादगिरी म्हणजे आमचा ट्रक चालवणारा. मी तुझी पत्रं त्याला वाचून दाखवतो. त्याला मराठी येत नाही, पण तुझा सूर कळतो म्हणतो.) शेजारणीला सांग, आमचा ‘ग्रॅनाइट’ वरातीचा नव्हे, इंग्रजी रॉकचा बँड; त्यात केसाळ पोरं चार, त्यांत गाणारा चिन्मय. त्याचे वडील पुण्याहून हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीला आले आणि मुलगा कॉम्प्युटर सोडून किंचाळायला लागला. पैसे एक थंड पेयाची कंपनी देते. देशाची दारं उघडली म्हणतात, त्यातून आत सगळ्यात आधी ही बाटली आली. ज्या गावात लग्नातसुद्धा एक बाटली दोघांत प्यायची, तिथे आम्ही दोन मजली रबरी बाटली हवा भरून उभी करतो आणि तिच्या पायथ्याशी ही पोरं इंग्रजीत दुःख सांगतात. विशाखापट्टणमला समुद्रावरून वारा आला आणि ही बाटली दोरांसकट मला घेऊन निघाली. मी दोर सोडला नाही, कारण बाटली माझ्या सहीने आलेली होती. शेवटी प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर आम्ही दोघं बसलो. पाहुण्यांनी भाषणात माझ्या निष्ठेचं कौतुक केलं.

एरवी दिवस असे जातात की ट्रकमधून पेट्या उतरवायच्या, स्टेज बांधायचं, रात्री तेच उलट क्रमाने करायचं आणि पेट्यांवरच अंग टाकून पुढचं गाव गाठायचं. सकाळी जाग आली की आधी पाट्या वाचाव्या लागतात. गुंटूरला जेवणात अंबाडीची चटणी वाढली. तीच अंबाडी, तोच लसूण, पण घास तोंडात गेला आणि मला तुझ्या भाचेसुनेची, रोशनीची इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं. वाढणाऱ्याला वाटलं तिखट लागलं, म्हणून त्याने वरून तूप ओतलं. आत्या, तुला खरं सांगतो, त्या तुपाने काही फरक पडला नाही.

आता तू पत्रात जे विचारलंस त्याचं उत्तर. तू विचारलंस, ‘अरे, घरात जमिनीला पट्ट्या चिकटवायचं हे वेड तुझ्या डोक्यात कुठून आलं?’ ते आमच्या धंद्यातून आलं. आमच्यात रीत अशी की स्टेजवर कोण कुठे उभं राहणार, कुठली वस्तू कुठे, याच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने खुणा करायच्या. ड्रमला पांढरी, गिटारवाल्यांना हिरवी, आणि मधोमध गायकाला पिवळी फुली. दिवे घालवले की पोरं अंधारात धावत येतात आणि आपापल्या रंगावर उभी राहतात. गाव कुठलंही असो, खुणा त्याच. खूण नसेल तर पाऊल टाकायचं नाही, हे त्या पोरांना मीच शिकवलंय. (बाबा भीमजयंतीला कर्णे लावायचे तेव्हा गायकाच्या पायाशी खडूने गोल काढायचे, आठवतं ना? तेव्हा मला वाटायचं, ते गायकाचं रक्षण करतायत.)

या रीतीने एकदाच दगा दिला, तो वरंगळला. तिथल्या एका कॉलेजात आमच्या आधी मुलींचं कुचिपुडी होतं. त्यात पितळी ताटाच्या काठावर पाय ठेवून नाचतात. ताट कुठे ठेवायचं, त्याची खूण त्यांच्या नाचाच्या बाईंनी केली होती आणि तीही पिवळ्याच पट्टीने, फुलीच! मी पाहिलं, फुली आहे, म्हटलं, मीच केली असणार, आणि जेवायला गेलो. दिवे गेले, चिन्मय सिंहासारखा धावत आला आणि कोपऱ्यात, फुलीपाशी विसरून राहिलेल्या ताटावर उभा राहिला. मधोमध झगमगता प्रकाश पडला, तिथे एकटा माईक उभा. पोरांनी माईकला टाळ्या दिल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून ‘आदर्शऽऽ’ अशी अस्सल मराठी किंकाळी आली आणि पाठोपाठ ताट, ताटामागून चिन्मय असे दोघे घसरत स्टेजच्या खाली गेले. लोकांना वाटलं, हाच कार्यक्रम. दोनदा पुन्हा करायला लावला. तेव्हापासून मी खुणांच्या बाबतीत अति काटेकोर झालो, आणि तसाच घरी आलो. इथेच माझं चुकलं असं तू म्हणशील, पण थांब.

पावसाळ्यात घरी होतो, तेव्हा निघताना मी मलकपेठच्या आपल्या खोलीत सगळ्या खुणा केल्या. पलंगाच्या चार पायांना पांढऱ्या, बाबांच्या खुर्चीला हिरव्या, पाळण्याला निळ्या, रांजणाला लाल. रोशनीला म्हटलं, मी परत येईपर्यंत हे असंच राहू दे. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं. आत्या, बाहेर असताना मी रोज पेट्यांवर पडून डोळे मिटायचो आणि त्या खुणांवरून घरात फिरून यायचो. दार, रांजण, खुर्ची, मग पाळणा, पाळण्यात आपली लेक मैत्री. तेवढं झालं की झोप लागायची. मला एवढंच हवं होतं, की मी नसताना घराने माझ्यावाचून पुढे सरकू नये.

दसऱ्याआधी चार दिवसांची सुट्टी मिळाली. भर दुपारी दारात पाऊल ठेवलं. रोशनीचे भाऊ-भावजय नांदेडहून आलेले, शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. मी ऐटीत सगळ्यांना जयभीम घातला आणि न बघता, स्टेजवर बसावं तसा, मागच्या मागे पलंगावर बसलो. पलंग तिथे नव्हता. तिथे पीठ मळून ठेवलेली परात होती. (पाहुण्यांसाठी पुऱ्या व्हायच्या होत्या. त्या नंतर झाल्या, पण मेव्हण्याने एकही खाल्ली नाही.) मी पिठातून उठलो आणि बघतो तर पलंग भिंतीला, खुर्ची खिडकीत, रांजण बाहेर आणि पाळणा छताला टांगून वर गुंडाळलेला. मैत्री पाळण्यात नव्हतीच. ती चालत आली, आत्या. माझी पोरगी चालत आली, माझ्याकडे बघितलं आणि रोशनीच्या भावजयीमागे लपली.

शहाण्या माणसाने तेव्हा पोरीला उचललं असतं. मी मात्र पीठ लागलेल्या हातांनी पलंग ओढायला लागलो. पाहुण्यांच्या देखत सगळं खुणांवर परत नेलं. रांजणसुद्धा भरलेला उचलला (पाठ धरलीय म्हणालो ना, ती तिथे). पाळणा सोडून खाली घेतला आणि मैत्रीला त्यात ठेवायला गेलो, तर तिचे पाय बाहेर आले. ती रडायला लागली आणि रोशनी उठली.

‘काय ओ,’ ती म्हणाली, ‘लेकरू चालायलं म्हून पलंग सारला. त्याला काय तुम्हाला विचारून मोठं व्हायचं होतं का?’

मी म्हटलं, खुणा कशासाठी केल्या होत्या मग?

‘तेच म्हनते मी. रांजनाची खून हाय, खुर्चीची हाय. सगळ्या घराला खुना केल्या, तुमची कुठंय? दावा मला. तुमी घरात कुठं उभं राहनार?’

आत्या, मी खरोखर शोधली. मी पूर्ण खोलीभर बघितलं. स्टेजवरही खुणा करणाऱ्याची खूण नसते, तो अंधारात बाजूला उभा असतो, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ध्यानात आलं आणि तेही मेव्हण्यासमोर. मग राग आला. खिशातली पिवळी पट्टी काढली, दोन तुकडे फाडले आणि दारात, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, फुली मारली. म्हटलं, ही घे माझी! (पिवळी गायकाची, हे तिला मीच मागे कौतुकाने सांगितलेलं.) रोशनीने फुलीकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाली, ‘दारातच केलाव ना शेवटी. म्हंजे निघायचंच हाय.’ आणि मी गाढव, सुट्टी शिल्लक असताना निघालो.

वाटेत यादगिरीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘भाई, निशानां लगाके रखे तो सामान रुकता. बच्ची काइकू रुकती?’ मी मागे जाऊन हुबळीपर्यंत पेट्यांवर पडून राहिलो.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मला अनंतपूरला नाही, नेल्लोरला नाही, तर कुठे मिळालं हे शेवटी येईल. तू लिहिलंस, ‘सगळ्या पट्ट्या मी आन रोशनीनं रॉकेल लावून काढल्या. दारातली फुली तेवढी आहे. पोरगी तिच्यावर उभी राहून पळीत तोंड घालून हॅलो हॅलो करते.’ आणि पुढच्याच ओळीपासून गॅसचा सिलिंडर! आत्या, तुला काळीज आहे का? असं काही लिहून कोणी सिलिंडरवर जातं? मैत्रीला हॅलो हॅलो मीच शिकवलं होतं, पावसाळ्यात, पाळण्यात होती तेव्हा. तिच्या ते लक्षात राहिलंय. मी लक्षात नाही, ते राहिलंय.

बाकी सर्व क्षेम. चिन्मय अमेरिकेला नोकरीला चाललाय, तिथे त्याला पुन्हा कॉम्प्युटर शिकवणार आहेत. बँड संपला. उदयने (आमचे हिशेब आणि भांडणं बघणारा) एका मोठ्या मुंबईच्या बँडचं काम धरलंय, वर्षभराचा दौरा, ट्रक आज संध्याकाळी बंगळूरला निघतो. तो म्हणाला, खुणा करणारा तुझ्यासारखा नाही, चल. मी म्हटलं, संध्याकाळी सांगतो. गुडघ्यांना तेल लाव. थोरांना जयभीम, मैत्रीला काय सांगायचं ते सुचत नाही.

तुझाच,
आदर्श नागोराव

ता. क. – तुझं पत्र मला चिक्कडपल्लीला, उदयच्या गोदामात मिळालं. गेला आठवडाभर मी तिथेच पेट्यांवर झोपतोय. हैदराबादेतच आहे. रोज मलकपेठची बस पकडतो, घराअलीकडच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापर्यंत जातो आणि परत येतो. वर लिहिलेला समुद्र, वारा, बाटली सगळं खरं आहे, फक्त ‘दूर आहे’ असा जो सूर लागलाय तो तेवढा खरा नाही. किंवा आहे.

ता. क. २ – खरं काम हे. ‘फुली तेवढी आहे’ म्हणजे काय? राहिली की ठेवली? ती पट्टी रॉकेलने सहज निघते, मी शेकडो काढल्यात. तू तिथे होतीस, रॉकेलची बाटली तुझ्याच हातात असणार. तिथपर्यंत येऊन रोशनी थांबली का? काही बोलली का? की रॉकेलच संपलं? स्टेजवर मी खुणेशिवाय पाऊल टाकू देत नाही, आणि माझ्या स्वतःच्या दारातली खूण माझ्यासाठी आहे की नाही, हे मला माहीत नाही.

ता. क. ३ – हे पत्र मी तुझ्या घरासमोरच्या इराण्याकडे बसून लिहितोय. पत्र घेऊन येणारा तो यादगिरी, त्याला पाणी दे, जिन्याने दमला असेल. उत्तर लिहू नकोस, तू सिलिंडरवर जाशील. फुली राहिली असेल तर काही करू नकोस, मी चहा संपवून ट्रकमध्ये चढतो. ठेवली असेल तर रस्त्यावरची खिडकी उघड. हात हलवू नकोस, लोक बघतात. नुसती उघड, मी इथून पळतच मलकपेठला जातो.

ता. क. ४ – आत्ता वर बघितलं. तुझी खिडकी उघडीच आहे. ती आधी लावून घे, आत्या. म्हणजे उघडलेली मला कळेल.