नवमीची रांगोळी

तात्या, परवा गंगापूर रोडवर गाड्या चमकवायचं एक दुकान पाहिलं. आता त्याला इंग्रजी नाव असतं आणि आत एसी असतो. बाहेर नळाखाली एक माणूस लोकरीची पॅडं धूत होता, तुमच्या पॉलिश मशीनला असायची तसलीच. धूत कसला, चादर पिळावी तसा पिळत होता. मला मेलीला राहवेना. म्हटलं, ‘‘अहो, पिळू नका, लोकर मुळापासून सुटते.’’ त्यानं माझ्या हातातल्या मेथीच्या जुडीकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मावशी, तुम्ही तुमची भाजी निवडा.’’ एरवी मी चार शब्द सुनावून पुढे गेले असते, तुम्हाला माझं तोंड ठाऊक आहे. पण परवा घरी आले आणि रडत बसले. त्या माणसामुळे नाही. अशाच एका पॅडापायी तुमचं काम गेलं, ते माझ्यामुळे गेलं, आणि तुम्ही जिवंत असताना मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगून काय होणार आहे, कपाळ! तरी लिहिते.

चार वर्षं नांदून मी परत आले तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही दारात माझी ट्रंक पाहिलीत आणि काही विचारलं नाहीत. आळीतल्या बायकांनी मात्र सगळं विचारलं. पाण्याच्या नळावर तर रोज कोर्ट भरायचं. तुम्ही द्वारका चौकाजवळच्या शेठच्या गॅरेजमध्ये रंगवलेल्या गाड्यांना शेवटचं पॉलिश मारायचात. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना रद्दी पेपरात गुंडाळून दोन मळकी पॅडं आणलीत आणि माझ्यापुढे ठेवलीत. ‘‘पोरी, रिकामं बसलं का डोकं फिरतं. ही धू.’’ मी मनात म्हटलं, एवढंच ना? पातेल्यात पाणी उकळलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि सासरच्या लोकांवरचा सगळा राग त्यांच्यावर काढला. वाळल्यावर पाहते तर पॅडं आवळून पापडासारखी कडक. तुम्ही ती हातात घेतलीत आणि मला वाटलं, आता घरातूनच काढताहेत. ‘‘ह्ये काय केलंस? लोकर हाय ही, गोधडी नाय! मेंढराला कोणी उकळत्या पाण्यात घालतं का?’’ मी मुसमुसायला लागले तर वर आणखी, ‘‘रडू नको, रडण्यानं ती ढिली व्हायची नाय.’’

मग तुम्ही स्वतः मोरीत बसून शिकवलंत. अजून सगळं समोर दिसतं. दोन बादल्या वेगळ्या, एकीवर लाल पट्टा. कंपाउंडचं पॅड लाल पट्ट्याच्या बादलीत, शेवटच्या पॉलिशचं दुसरीत, आणि एकीतलं पॅड दुसरीत गेलं तर तुम्ही जेवायचा नाहीत. कंपाउंड म्हणजे रंग घासायची खरखरीत लुगदी, तिचा कण पॉलिशच्या पॅडात गेला तर गाडीच्या अंगावर गोल गोल चरे उठतात. पॅड ओलं असतानाच जुन्या फणीनं विंचरायचं. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, दोन तळव्यांत दाबून पाणी काढायचं, तीनदा खळबळायचं, सावलीत लोकर वर करून वाळवायचं. आणि वाळल्यावर तुमची परीक्षा. तुम्ही पॅड गालावर हळूच फिरवायचात, डोळे मिटून. बारीक कणही तुमच्या गालाला कळायचा. ‘‘हाय इथं,’’ म्हणायचात, आणि पुन्हा मोरी. दोन महिन्यांनी एकदा गालावर फिरवून तुम्ही नुसतंच ‘‘हं’’ म्हणालात. त्या ‘हं’वर मी आठवडाभर जगले. रिठ्यानं माझी बोटं फाटायला लागली तेव्हा एक दिवस ग्लिसरीनची बाटली कोनाड्यात आणून ठेवलीत. तुम्ही लाड असेच करायचात, कुणाला दिसू न देता.

आता त्या नवमीचं सांगते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन घरी आणायचं, नवमीला पाटावर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्यानंच पहिली गाडी करायची, ही तुमची रीत. आई असताना मशीनला एक झेंडूचं फूल आणि हात जोडणं, बस्स. मला त्या वर्षी काय सुचलं कोण जाणे. टाकलेली बाई म्हणून जिला सगळी आळी बघते, तिच्या घरात सण कसा होतो ते दाखवायची खुमखुमी आली. सगळी खोली सारवली, पाटाभोवती हातभर रुंद रांगोळी काढली, कमळं काढली, पाकळ्यांच्या टोकांना तेवढा गुलाबी रंग दिला, मधे सगळी पांढरी. मशीन पाटावर ठेवलं आणि आदल्या दिवशी धुतलेली पांढरीशुभ्र पॅडं चार कोपऱ्यांतल्या चार कमळांवर ठेवली. लोकर खाली करून, कारण वरच्या बाजूला हळदकुंकू वाहायचं होतं आणि लोकरीला डाग पडू द्यायचा नव्हता. एवढी अक्कल होती बघा! हळदकुंकवाच्या डागाची काळजी केली आणि रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड असते, हे डोक्यात आलं नाही. पांढऱ्या लोकरीत पांढरी पूड. कुणाला दिसणार?

तुम्ही संध्याकाळी आलात, उंबऱ्यातच थांबलात. शेजारच्या दोघी मुद्दाम डोकावून गेल्या होत्या. तुम्ही खूप वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात, ‘‘तुझ्या आईलाबी असं जमलं नसतं.’’ सकाळी निघताना तुम्ही पॅड उचललंत, झटकलंत आणि गालाला न लावता कपाळाला लावलंत. देवापुढचं होतं ना! देवापुढून उचललेल्या वस्तूची कोण परीक्षा घेतं? मी तेव्हा ते पाहिलं आणि मला छान वाटलं.

गाडी देवळाली कॅम्पातल्या एका कर्नलसाहेबांची होती. काळी. घरात लग्न होतं आणि गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावरच न्यायची होती. दुपारी मी श्रीखंडाचा डबा आणि आपट्याची पानं घेऊन गॅरेजवर आले, नेमकी त्याच वेळी गाडी शेडमधून उन्हात काढली. शेडमधल्या बल्बखाली आरशासारखी दिसणारी ती गाडी उन्हात आली मात्र, बॉनेटपासून डिकीपर्यंत सगळीकडे गोल गोल बारीक चरे. कर्नलसाहेबांचा ड्रायव्हर दोनदा तिच्याभोवती फिरला. शेठ ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘‘मिस्तरी, हे काय हो? सणाच्या दिवशी?’’ मशीन बाकड्यावर होतं. मी पॅडाच्या लोकरीत बोट खुपसलं. नखात पांढरी पूड आली, आणि तिच्यात दोन-तीन कण गुलाबी. मला कळलं, तात्या. त्याच क्षणी कळलं. मी नख पदराला पुसलं.

‘‘पॅड कोणी धुतलं?’’ शेठनं विचारलं. ‘‘घरी पोरीला देता म्हणे धुवायला?’’ तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. ‘‘नाय शेठ,’’ म्हणालात, ‘‘ह्ये पॅड मी धुतलं. दोन बादल्यांचा घोळ झाला माझा.’’ ज्या माणसानं उभ्या आयुष्यात बादल्यांचा घोळ केला नाही, त्यानं चारचौघांत असं सांगितलं. शेठ म्हणाले, ‘‘वय झालं मिस्तरी तुमचं. उद्यापासून मशीनला हात लावू नका, रंग मारायच्या आधी काचांना कागद चिकटवायचं काम करा.’’ तुम्ही तीन दिवस कागद चिकटवलेत आणि चौथ्या दिवशी गेला नाहीत.

पुढचं काय सांगायचं, तुम्हीच भोगलंत. दुसऱ्या गॅरेजांत बातमी तुमच्या आधी पोचायची. मग सिन्नरच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमनची खाकी, रोजची एसटी, सुजलेले पाय. लोकांच्या गाड्या आत येताना-जाताना तुम्ही फाटक उघडायचात आणि त्यांच्या रंगाकडे बघायचात, हे मला तिथल्या एकानं तुम्ही गेल्यावर सांगितलं. घरी माझ्यावर एकदाही डाफरला नाहीत. तुम्हाला वाटत होतं की धुण्यात माझीच चूक झाली आणि आधीच पोळलेल्या पोरीला आणखी चटका नको. फक्त एकदा, वॉचमनची नोकरी लागून वर्ष झालं असेल, जेवता जेवता विचारलंत, ‘‘पोरी, त्या दिवशीचं पॅड तीनदा खळबळलं होतंस ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो तात्या, शपथ.’’ ते खरंच होतं! तुम्ही मान हलवलीत, भात कालवलात. ‘‘मग कुठं चुकलं, कळंना,’’ म्हणालात. घास तोंडात होता माझ्या, तो गिळला की सांगायचं, असं ठरवलं होतं. गिळला आणि ताक वाढलं.

नंतर पुष्कळ वेळा ठरवलं. तुम्ही आजारी पडलात तेव्हा रोज ठरवायची. मनाशी म्हणायची, कुठं चुकलं हे कळलं तर माणूस सुखानं जाईल. आणि लगेच म्हणायची, आईलाही जमलं नसतं म्हणालात त्याच रांगोळीनं घात केला, हे कळलं तर काय होईल? अशी दोन्हीकडून स्वतःचीच समजूत घालत राहिले आणि तुम्ही गेलात. ‘कळंना’ घेऊनच गेलात. एवढी साधी गोष्ट, एका वाक्याची.

स्वतःला मी सांगत आले की घाबरले होते, म्हणून बोलले नाही. खोटं आहे ते. हा कागद आता फाडायचाच आहे, तर निदान त्याच्यावर तरी खरं लिहिते. त्या दुपारी, शेठसमोर, तुम्ही ‘‘पॅड मी धुतलं’’ म्हणालात ना तात्या, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं.