नदीपलीकडच्या दगडावर माझं नाव

७ नोव्हेंबर १९४४, मंगळवार. उंब्रज.
दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आलो होतो. तार आली. आईच्या नावाची, म्हणजे वाचायची मीच. तोडकंमोडकं इंग्रजी येतं तेवढ्यावर अर्थ सांगितला. तुमचा मुलगा शिपाई ज्ञानदेव इटलीत लढाईत कामी आला.
आई माझ्याकडे बघत राहिली, मग चक्क हसली. "आरं, ज्ञानू तर ह्यो भाकर खातोय. सरकार खुळं झालं का काय? दुसऱ्या कुनाचा तरी ज्ञानू आसंल, बिचारीचा." तारा, माझ्या धाकट्या भावाची, शिवाची बायको, चुलीपुढं दगडासारखी बसली होती. आई हसल्यावर तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.
मी पानातली भाकरी संपवली. बोलायची वेळ तीच होती आणि मी शाळेत निघून गेलो. पाढे घेतले.

८ नोव्हेंबर.
कुठंतरी लिहायला हवं, नाहीतर डोकं फुटेल.
शिवा भरतीला निघाला तेव्हा माझा शाळेचा दाखला मीच पेटीतून काढून त्याच्या हातात दिला, माझ्या नावानं भरती हो म्हणून. तो तिसरीतून शाळा सोडून उसाच्या पाण्यामागं लागलेला. शिकलेल्या पोरांना हपिसात बसवतात, गोळ्या खायला अडाणी पुढं, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मास्तर असून मीही तेच खरं धरलं. धाकट्याला जपायला निघालो होतो मी. शिकलेला म्हणूनच त्याला टेलिफोनच्या तारा टाकायच्या कामावर घेतलं, आणि त्या तारा सगळ्यांच्या पुढं जाऊन टाकायच्या असतात. हे त्याच्या तिसऱ्या पत्रात कळलं. पाकिटावर पाठवणारा म्हणून माझं नाव, आत "तुझा शिवा".
दाखल्याचं आम्हा दोघांनाच ठाऊक. आता एकट्या मला.

१६ नोव्हेंबर.
तार आल्याचा आज दहावा. नदीवर गेलो. डोकं नाही, निदान मिशी तरी उतरवावी म्हणून न्हाव्यापुढं बसलो आणि उठून आलो. आईनं विचारलं असतं, कुणाचं सुतक. नुसती अंघोळ केली. पाणी सोडताना त्याचं नाव घेतलं. पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया होत्या म्हणून तेही मनातल्या मनात.
भ्याड माणूस.

१८ जानेवारी १९४५.
संक्रांतीची हळदीकुंकवं चालली आहेत. तारा हिरवं लुगडं नेसून चार घरं करून आली. वाण म्हणून मिळालेल्या बोरांतली दोन माझ्यापुढं ठेवली. "घ्या की दादा." घेतली, खिशात घातली. एकवीस वर्षांची पोर आहे. मी तोंड उघडलं की तिचं कुंकू जातं, आणि तिचा बाप कवठ्याहून येऊन तिला मेंढरं राखायला परत नेतो. न बोलावं तर हे असं.

१२ मे.
तिकडची लढाई संपली. चावडीपुढं गूळ वाटला. आईनं शिवासाठी खडा ठेवून दिला, फडक्यात बांधून.

२१ ऑक्टोबर, रविवार.
मलकापूरचा हणमंता रजेवर आला आहे, शिवाच्याच पलटणीतला. तो आमच्या घरी यायच्या आत मीच मलकापूर गाठलं. गोठ्यात बसून बोललो. "आमी त्येला ज्ञानदेवच म्हनायचो," म्हणाला. माझ्या नावानं हाका मारत होते त्याला. ओ देत होता.
विचारू नये ते विचारलं. जाळलं ना?
हणमंता बैलाकडे बघत म्हणाला, "लाकडं वली, पाऊस लय. तीन दीस वाट बघितली. मंग नदीच्या काठाला पुरलं, धा-बारा जनांस्नी वळीनं. वर फळी, फळीवर नंबर." पुढं नदीला पूर आला, काठ ढासळायला लागला. तेव्हा सगळ्यांना उकरून नदीपलीकडच्या गावाबाहेर टेकाडावर नेलं. त्या गावचा द्राक्षाचा मळा होता तो, निम्मा तोफांनी उखडलेला. तिथं लष्करानं मोठं कबरस्तान आखलं. गोरे, गुरखे, मराठे, सगळे एका दोरीत. "त्या गावची येक म्हातारी रोज यायची. तिची दोन्ही पोरं गेल्याली. फुलं टाकायची, कुनाचं कंचं बघायची न्हाई."
माझा भाऊ दोनदा पुरला गेला. अग्नी एकदाही नाही. त्या म्हातारीनं तरी काहीतरी केलं, मी मिशीसुद्धा उतरवली नाही. हणमंताला शपथ घालून परत आलो.

६ मार्च १९४६.
लष्करी हपिसातून छापील कागद. कबरस्तानात फळ्या काढून कायमचे दगड बसवणार. दगडावर खोदायचं नाव खालीलप्रमाणे, बरोबर असल्याची खात्री करावी. खाली माझं नाव, वडिलांचं नाव, मु. पो. उंब्रज. दुरुस्ती असल्यास १ एप्रिलच्या आत.
म्हणजे हे शेवटचं. यानंतर कोण विचारणार आहे. शिवा नावाचा कुणी तिथं मेलाच नाही, असं पक्कं होईल, दगडात.

१४ मार्च.
साताऱ्याला जाऊन आलो. कारकून भला माणूस, ओरडला नाही. दाखल्याची नक्कल आणि माझा जबाब लिहून घेतला. म्हणाला, मास्तर, तुमच्या शब्दावर होणार नाही. बायकोचा नाहीतर आईचा अंगठा लागेल. दोन्हींतला एक पुरे.

२७ मार्च.
ताराला विहिरीवर गाठून सांगितलं. दाखल्यापासून सगळं. तिनं घागर खाली ठेवली नाही.
"मला ठावं हाय," म्हणाली. "तार वाचताना तुमचा हात बघितला मी. दुसऱ्याचं मानूस मेल्यावर हात आसा कापत न्हाई."
दीड वर्षं. दीड वर्षं ती कुंकू लावून माझ्यापुढं ताट वाढत होती, आणि मला वाटत होतं मी तिला वाचवतोय.
"दगडावर तुमचंच नाव ऱ्हाऊ द्या दादा. त्यांचं तितं घातलं की हितं माजं कपाळ पांढरं. मी अंगठा देनार न्हाई." मग जाता जाता, "त्यास्नी काय फरक पडतोय आता."
मला पडतो. माझ्या नावाखाली तो पडून राहिला तर मी कोणत्या तोंडानं शाळेत हजेरी घेऊ.

३० मार्च, शनिवार.
आई उरली. माझ्या हातचा कागद कसला, हे ती कधी विचारत नाही. शेतसारा असो, सोसायटी असो, मी पुढं धरायचा आणि तिनं अंगठा उमटवायचा. आज उन्हं उतरल्यावर कागद आणि शाईची डबी घेऊन तिच्यापुढं बसलो. विचार केला होता, सांगायचं नाही, नुसता अंगठा घ्यायचा. शिवाचं नाव शिवाला मिळेल, ताराचं कुंकू राहील, आईची आशा राहील. सगळ्यांचं भलं. चोर असाच विचार करत असेल.
आईनं पदराला बोट पुसून पुढं केलं. मग प्रथमच विचारलं, "शिवाचा पत्ता लागायचा कागद हाय न्हवं ह्यो?"
मी म्हटलं, व्हय.
"मंग लाव की. चांगला दाबून घे."
तिचा अंगठा हातात धरला. खरखरीत, उभा चिरलेला. तारा दारात उभी होती. मी म्हटलं, शाई वाळली आहे आई, आज नको.
शाई वाळलेली नव्हती. सोमवारपर्यंत मुदत आहे.