सहा महिन्यांनी परत या

आई,

तुझ्यावर लिहिलेली माझी कविता खोटी निघाली. तू जाऊन अकरा वर्षं झाल्यावर हे मला मावशीच्या तोंडून कळावं, याचा फार राग आला आहे. आता चिडायचं तरी कुणावर? तू नाहीस, बाबा नाहीत, आणि मावशीनं तर जे झालं होतं तेवढंच सांगितलं. म्हणून तुलाच लिहायला बसले आहे.

आमच्या कंपनीत मार्चमध्ये महिला दिनाचा कार्यक्रम असतो. कागलच्या एमआयडीसीत, तपासणी विभागात मला आता पंचवीस वर्षं झाली. दरवर्षी त्या दिवशी आम्हाला एकेक गुलाब मिळतो आणि बाहेरून आलेली एखादी पाहुणी भाषण करते. या वर्षी साहेब म्हणाले, पाहुणी नको, तुमच्यातलंच कुणीतरी बोला. मी एका रविवारी बसून कविता लिहिली. तिच्यात जयंतीच्या मंडपात मामाच्या गायन पार्टीपुढे माइक धरून गाणारी तू होतीस, लग्न होऊन कोल्हापुरात दोन खोल्यांत आलेली तू होतीस आणि मी जन्मल्यावर कायमची गप्प झालेली तू होतीस. दारात हाताची घडी घालून उभे असलेले बाबाही होते. शेवट असा होता:

भाकरीचं पीठ मळताना
तिनं एक सूर त्यात मिसळला.
आम्ही तो खाल्ला
आणि अजून एक भाकरी मागितली.

बायका रडल्या. पॅकिंगमधल्या एकीनं मला मिठीच मारली. कंपनीच्या दिवाळी अंकासाठी कविता मागितली गेली, आणि मी मोठ्या ऐटीत देते म्हणाले.

हे मी काही मनानं रचलं नव्हतं, आई. तूच सांगितलं होतंस. शाळेच्या गॅदरिंगला पालकांनी गायचं होतं तेव्हा मी तुझ्या मागे लागले होते. तू चुलीपुढं बसली आहेस, हात पिठाचे आहेत, आणि मान वर न करता म्हणतेस, “तू झालीस आन् माझं गाणं ग्येलं.” त्यात राग नव्हता. डब्यातलं मीठ संपलं म्हणावं तसं म्हणायचीस. पुढेही म्हणत राहिलीस, मला ताप आला की, मार्क कमी पडले की, कधी काहीच कारण नसताना. मी तुझ्या गाण्याच्या बदल्यात आलेली मुलगी होते, तेव्हा निदान चांगली तरी निघायला हवं, एवढं मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. मी दंगा केला नाही. उलट बोलले नाही. उलट बोलले ती एकदाच, आणि तेही तुझ्या बाजूनं.

अठरा वर्षांची होते मी. बाबा कामावरून येऊन पेपर वाचत बसलेत. रेडिओवर कुणीतरी गात होतं, ते त्यांनी बारीक केलं, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, आईचा आवाज बंद केलात तेवढं पुरं नाही का? तुम्ही नवरे लोक सगळे सारखेच. आणखीही बरंच बोलले, ते आता लिहवत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. पेपरची घडी घातली, चप्पल पायात सरकवली आणि बाहेर निघून गेले. तू आत होतीस. मधे दारही नव्हतं, नुसता पडदा. भाकरी थापायचा आवाज थांबला होता, तो परत सुरू झाला. तू बाहेर आली नाहीस. त्यानंतर किती महिने बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि मला वाटत राहिलं की आपण त्यांचं खरं तोंडावर सांगितलं.

एप्रिलमध्ये मी हातकणंगल्याला मावशीकडे गेले. तिला कविता वाचून दाखवली, रडेल म्हणून. ती पावटे सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, “झ्याक लिवलंयस. पर तसं झालं न्हवतं.”

मी विचारलं, मग कसं?

तिनं सांगितलं ते असं. लग्नानंतर मामा तुला रेडिओ केंद्रावर आवाजाच्या परीक्षेला घेऊन गेला. बाबांनी त्या दिवसाची रजा टाकली, तेही तुमच्याबरोबर एसटीनं आले. काचेपलीकडच्या माणसानं तुला दीड कडव्यावर थांबवलं. आवाज चांगला आहे, सूर हलतोय, रियाज करा आणि सहा महिन्यांनी परत या, म्हणाला. तू घरी आलीस आणि पुन्हा गायलीच नाहीस. मामा दोनदा बोलवायला आला. बाबांनी जुनी का होईना, पेटी आणली. तू ती माळ्यावर टाकायला लावलीस.

मी म्हणाले, पण मी झाले म्हणून...

“तू कुठं हुतीस तवा?” मावशी म्हणाली. “तू दोन वरसांनी झालीस की. लोकं इचारायची, गात का न्हाईस. कायतरी सांगाय पायजे म्हनून तसं सांगत हुती. फुडं तिला बी त्येच खरं वाटाय लागलं.”

बाबांना हे सगळं माहीत होतं का, असं विचारायची गरजच नव्हती. तरी विचारलं. मावशीनं नुसती होकाराची मान हलवली.

सहा महिने, आई. नको म्हणालाच नव्हता तो माणूस. एवढंच सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? भीती वाटली म्हण, अपमान झाला म्हण, कंटाळा आला म्हण. मी तुला हसले असते का? आणि माझ्या नावावर घातलंस ते घातलंस, पण त्या दिवशी पडदा सारून एक वाक्य बोलायला काय झालं होतं? ते बिचारे आठ वर्षं अंथरुणावर होते, मी त्यांचं सगळं केलं, पण कर्तव्य म्हणून केलं. जीव लावून केलं नाही. हे मी कुणाला सांगू?

अंकासाठी कविता देताना बाबांचं कडवं काढून टाकलं. बाकीची तशीच ठेवली, कारण भाकऱ्या तरी तू खरोखरच थापल्यास, आणि आम्ही त्या मागून मागून खाल्ल्या.

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे आणि एक गोष्ट टाळते आहे. माझी मुलगी पुण्यात असते. दर रविवारी फोन करते आणि अगदी जपून बोलते, तू जेवलीस का, तू आराम करतेस का. ती दहावीत असताना मला नाशिकच्या कारखान्यात बढती मिळत होती. हे यायला तयार होते, शाळाही बघून ठेवली होती. मला तिथल्या सगळ्या विभागाची जबाबदारी घ्यायची भीती वाटली आणि मी नाही म्हणाले. तिला मात्र सांगितलं, तुझ्या दहावीमुळं सोडलं. परवाच्या दिवाळीतही सांगितलं, चकली तळता तळता, सहज.

काल रविवार होता. तिचा फोन आला. मी तिला तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, रेडिओपासून पेटीपर्यंत. ती म्हणाली, “आज्जीनं असं करायला नको होतं.” मी म्हणाले, हो ना. आणि विषय बदलला.