खिडक्या उतरवायच्या आहेत

४ एप्रिल, शुक्रवार
ताईनं पुण्याहून फोनवर होकार दिला. राजारामपुरीतला तिचा बंगला बिल्डर विजयसिंह यांना फ्लॅटसाठी दिलाय, पण तो जेसीबीनं पाडायचा नाही, माझ्या देखरेखीखाली उतरवायचा. सागवानी खिडक्या, दारं, कौलं, शहाबादी फरशी, शाबूत विटा, सगळं पुन्हा वापरात. नवीन झाड तोडायला नको, गल्लीभर धूळ नको, राडारोडा ओढ्याकाठी टाकायला नको. विजयसिंहही तयार. डंपरच्या खेपा वाचतील म्हणाले. एप्रिलअखेर मुदत दिली.
पॉलिटेक्निकला उभी हयात ड्रॉइंग शिकवलं, ते याच कामासाठी असावं. बायकोला तसं बोललो. अवंतिका म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बदला.

५ एप्रिल, सकाळ
उचगावला चिमणाबाईकडे जाऊन आलो. ताईच्या स्वयंपाकघरात तिचं आयुष्य गेलं. आता स्वतःची खोली बांधतेय. भिंती कमरेपर्यंत आल्यात. भाच्याकडून जुन्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या मिळणार होत्या. मी स्पष्ट विरोध केला. घरात सागवान येत असताना ॲल्युमिनियम कशाला? ताईच्या खिडक्यांची मापं मीच दिली, गवंड्याला खडूनं आखूनही दिली. ती म्हणाली, एवढ्या थोरल्या खिडक्या? मग पावसाच्या आत बसतील का, ते विचारलं. माझा शब्द आहे म्हणालो. भाच्याला माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगायला लावलं.
येताना फार हलकं वाटत होतं.

६ एप्रिल, रामनवमी
सणाच्या दिवशी लोखंडाला हात लावत नाहीत. हे कुठं लिहिलंय, असं अवंतिकानं विचारलं. सगळंच लिहिलेलं नसतं.

११ एप्रिल
उद्या जोतिबाची यात्रा. मजूर मिळणार नाहीत. विचारलं नाही, पण मिळाले नसतेच.

१६ एप्रिल, बुधवार
अखेर माणसं आली, पहारी घेऊन. आल्या आल्या पुढची खिडकी सुटी करायला घेतली. मी थांबवलं. आधी प्रत्येक भागाला नंबर, मग खोलणं. या कामाला शास्त्र आहे. माणसांना परत पाठवलं आणि स्वतः निळ्या रंगानं नंबर घालत बसलो. अक्षर देखणं आलं. तिसऱ्या दाराशी कंबर धरली.

१७ एप्रिल
पडून आहे. माणसांना इचलकरंजीला दुसरं काम लागलं. मे उजाडल्यावर बघू म्हणाली. काल हात घालू दिला असता, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खिडक्या खाली आल्या असत्या.
पण बिननंबरी.

२२ एप्रिल
आनंदाची बातमी. एका इंजिनीअरिंग कॉलेजनं २ मेला भाषणाला बोलावलंय. विषय मीच दिला: ‘पाडू नका, उतरवा.’ पीपीटी करायला घेतली.
चिमणाबाईचा फोन. भिंती वर गेल्या, खिडक्यांच्या जागा सोडल्यात, पत्रे पण चढले. काम प्रगतीत आहे, असं सांगितलं. हे खोटं नाही. पीपीटी निम्मी झाली आहे.

२८ एप्रिल
विजयसिंहांचा फोन. जेसीबी शुक्रवारी सकाळी येणार. अजून वेळ हवा असेल तर आठवडाभर थांबवतो, तसा एक फोन तेवढा करा, म्हणाले. सज्जन माणूस. उद्या करतो. आत्ता लगेच केला तर आपली तयारी नव्हती असं दिसेल.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
आमरस. जरा डोळा लागला तो दिवेलागणीपर्यंत. सणाच्या दिवशी कामाचा फोन बरा दिसत नाही. उद्या महाराष्ट्र दिन, सुट्टी. माणसाला घरच्यांबरोबर वेळ हवा.
अवंतिकानं दोनदा विचारलं, फोन केला का. केला म्हणालो. म्हणजे मनानं केलाच आहे.

२ मे, शुक्रवार, दुपार
भाषण उत्तम. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जुनी वीट म्हणजे आधीच भाजलेली वीट, तिला पुन्हा भट्टी लागत नाही, हे वाक्य तर प्राचार्यांनी लिहून घेतलं. मध्येच मोबाईल थरथरला. विजयसिंहांचं नाव दिसलं. त्याच वेळी पडद्यावर ताईच्या खिडकीचा फोटो होता आणि मी म्हणत होतो, हिला दुसरं आयुष्य मिळणार आहे.
फोन कट केला. सभेत फोन घेणं असभ्यपणाचं.
आता उलटा लावतोय, ते उचलत नाहीत.

२ मे, संध्याकाळ
गेलो होतो. तिथं काही नाही.
म्हणजे ढीग आहे. सागवानाच्या ढलप्या, कौलांचा चुरा, त्यात एका फळकुटावर माझा निळा सात. विजयसिंह म्हणाले, सर, तुम्ही फोन उचलला असता तर मशीन बंद केलं असतं. मी जेसीबीच्या एकूण संस्कृतीवर बोलू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याचाच जास्त त्रास झाला.

४ मे
ताईला सांगितलं, बिल्डरनं घाई केली. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. अवंतिका जवळच होती. तिनं ताट तेवढं उचललं.
उचगावला जायला हवं. ऊन फार आहे.

९ मे
चिमणाबाई स्वतःच आली. पेपरात भाषणाची बातमी आलीय, तो पेपर घडी घालून पिशवीत. समोर पसरून म्हणाली, “सर, फोटू झ्याक आलाय. खिडक्या कुठं हायत?”
मोडल्या, म्हणालो.
“कुणी मोडल्या?”
“जेसीबीनं.”
 तिनं पेपरची घडी घातली आणि चहा न घेता गेली. तिला बसस्टॉपपर्यंत तरी सोडायला हवं होतं. गाडीची किल्ली शोधत होतो. खिशातच होती.

१४ मे
सगळा जुना बाजार पालथा घातला. त्या मापाच्या खिडक्या कुठंच नाहीत. माप चुकीचं नव्हतं, त्याच खिडक्यांचं होतं. तेच तर.
नव्या करून देतो, असं कळवलं. तिनं उलट निरोप दिला, नगं.

१८ मे, रविवार
उचगाव. आज काहीही न जुळवता सांगितलं: फोन मी केला नाही, आणि माणसंही मीच परत पाठवली होती. चिमणाबाई सिमेंट कालवत होती. म्हणाली, “ठावं हाय.” कालवतच राहिली.
भाच्याच्या खिडक्या केव्हाच दुसरीकडं गेल्या. दोन लहान सिमेंटच्या जाळ्या आणल्यात. तेवढी जागा ठेवून बाकीचं बुजवायचं. वळीव रोज पडतोय, आत अंथरूण भिजतं. मी विटा देतो म्हणालो. कुणी नको म्हणालं नाही. वीट उचलून गवंड्याच्या हातात द्यायची, एवढंच काम. भिंत चढत गेली, तशी खोली काळोखी होत गेली. उरलेल्या फटीतून चिमणाबाईची चूल दिसत होती. मी थांबून बघत राहिलो.
गवंडी म्हणाला, “सर, उजिडातनं जरा सरा की.”
सरलो.